बाकीचे छर्रे कुठे जातात?

(भवानी पेठ, सोलापूर येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, पीकविम्याचा आहे, रात्रीच्या विजेचा आहे. त्यातला अर्धा तास मी बंदुकीच्या काडतुसासाठी मागून घेतला आहे. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाने बियाण्यावर बोलावे, काडतुसाशी त्याचा काय संबंध, असे काही जणांना वाटेल. संबंध असा की, उसाच्या फडात दिवसभर दडलेला रानडुकरांचा कळप रात्री शेजारच्या जोंधळ्यात, मक्यात, भुईमुगात उतरतो आणि चार महिन्यांची मेहनत पहाटेपर्यंत लोळवून जातो. त्यासाठी कुणाच्या घरी आजोबांच्या वेळेपासूनची बंदूक आहे, कुणी नवा परवाना काढला आहे. बंदूक घेताना आपण दहा जणांना विचारतो. काडतूस घेताना मात्र ‘बारा बोअरची द्या पाच’ एवढेच म्हणतो आणि दुकानदार देईल ते खिशात टाकतो.

बियाण्याच्या बाबतीत आपण असे करतो का? मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ हलक्या रानात पेरावी की भारी रानात, कोणत्या ओलीवर पेरावी, हे आपल्यातला निरक्षर म्हातारासुद्धा सांगेल. पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय आपण कापसाचे बी घेत नाही. बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. काडतूस चुकले तर हात जातो, डोळा जातो, नाहीतर शेजारच्या वस्तीवरचा माणूस जातो. तेव्हा काडतूसही वाचूनच घेतले पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न स्वतःला विचारायचे. माझी नळी कोणती? समोर काय आहे? आणि त्याच्या मागे काय आहे?

पहिला प्रश्न : माझी नळी कोणती?

‘बारा बोअर’ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. ती साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे ध्यानात ठेवा.

यातूनच सर्वांत भयंकर अपघात होतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते पुढे घसरते आणि नळीत अडकून बसते. मागून पाहिले तर काडतुसाचे घर मोकळे दिसते. माणसाला वाटते, आपण भरायचेच विसरलो. तो बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढे अडकलेल्या काडतुसावर मागचा बार आदळतो आणि नळी फुटते. ती फुटते कुठे, तर दुसरा हात जिथे धरलेला असतो त्याच ठिकाणी. म्हणून वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची चाल जगभर पडली आहे. पण रंगावर विसंबू नका. बुडावरचा आकडा वाचा आणि दोन बोअरची काडतुसे एका खिशात, एका डब्यात, एका घरात मिसळू देऊ नका.

दुसरी गोष्ट लांबीची. काडतूस ज्या घरात बसते त्याची लांबी बंदुकीवर कोरलेली असते. जुन्या बंदुकांवर अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. नंतरच्या बंदुकांवर पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर. त्याहून लांब तीन इंची, ७६ मिलिमीटरचे मॅग्नम काडतूसही असते. आता फसगत कशी होते ते पाहा. ७० मिलिमीटर ही काडतुसाची उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची लांबी असते. भरलेले काडतूस तोंड दुमडलेले असल्याने आखूड असते, आणि म्हणून ते ६५च्या घरात आरामात बसते. ‘बसले म्हणजे चालते’ असे आपण समजतो. पण बार उडाला की तोंड उलगडायला जागा उरत नाही, वाट अरुंद होते आणि नळीतला दाब बंदुकीला सोसवणार नाही इतका वाढू शकतो. ६५च्या घरात ६५चेच काडतूस. ७०च्या घरात ६५चे चालते, ७६चे कधीच नाही.

आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तो १८६९ सालचा. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अक्षरे दिसतात, ती याच खडकी कारखान्याची. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. सांगायचा मुद्दा एवढाच, की कारखाना कोणताही असो, बोअर, लांबी आणि छर्र्याचा नंबर या तीन गोष्टी काडतुसावर किंवा खोक्यावर छापलेल्या असतात. त्या स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही.

तिसरी गोष्ट नळीच्या वयाची. काही वाड्यांत आजही पोलादी पट्ट्या गुंडाळून केलेल्या नळीच्या बंदुका आहेत. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसते. ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, तिचा दाब वेगळा. अशी बंदूक भिंतीवर शोभते. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याने तपासून लेखी दिल्याशिवाय तिच्यातून बार काढू नका.

ठासणीच्या बंदुकीचेही हेच. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे, आणि ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही सोय आहे. पण काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत भरणे म्हणजे स्वतःच्या तोंडाशी सुरुंग लावणे. तसेच उडालेली पितळी काडतुसे घरी पुन्हा भरणे. मापाच्या एका चुकीने नळी फुटते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे तो वेगळाच.

दुसरा प्रश्न : समोर काय आहे?

काडतुसात साधारण ३० ग्रॅम शिसे असते. ते शिसे किती दाण्यांत वाटले आहे, यावर त्याचा नंबर ठरतो. एलजीचे दाणे सर्वांत मोठे, सुमारे नऊ मिलिमीटरचे. ३० ग्रॅमात सहाच बसतात. एसजीचे आठ-नऊ. बीबीचे पाऊणशेच्या आसपास. चार नंबरचे सुमारे १८०. सहा नंबरचे सुमारे २८५. कारखान्यागणिक थोडा फरक पडतो, पण हिशेब हाच. नंबर वाढला की दाणा बारीक आणि संख्या जास्त.

आता रानडुकराचा विचार करा. कातडे जाड, अंगावर चिखलाचा थर, खाली चरबी. सहा नंबरचा बारीक छर्रा त्याला मारत नाही, पिसाळवतो. जखमी डुक्कर कापसाच्या ओळीत जाऊन बसते आणि सकाळी वेचणीला आलेल्या बाईवर धावते. त्या बाईचा काय गुन्हा? म्हणून ‘घाबरवण्यापुरता बारीक छर्रा मारतो’ हे म्हणणे दयेचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. परवानगी असेल तर मोठा दाणा आणि जवळचे अंतर. परवानगी नसेल तर बारच नाही.

पाखरांसाठी बंदुकीचा विचारही करू नका. भोरड्यांचे थवे जोंधळ्यावर उतरतात हे खरे, पण त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात. गोफण, डबा, राखण यांनी जे काम होते त्यासाठी शिसे रानात पसरू नका. शिसे हे विष आहे. ते मातीत कुजत नाही. दाणे टिपणारे पाखरू खड्यासारखा छर्रा गिळते आणि मरते. वैरणीत छर्रे गेले तर जनावराच्या पोटात जातात. आपला कडबा आपल्याच बैलासाठी आहे, हे विसरू नये.

एकसंध गोळीचेही काडतूस मिळते. काही जुन्या नळ्यांवर गोळी चालणार नाही असे इंग्रजीत कोरलेले असते, कारण त्या नळीचे तोंड आवळलेले असते. तोंड किती आवळले आहे हे माहीत नसताना त्यातून गोळी काढू नये.

तिसरा प्रश्न : मागे काय आहे?

भावांनो, आजच्या भाषणात एवढेच ध्यानात राहिले तरी माझा अर्धा तास कारणी लागला.

ज्या नळीचे तोंड आवळलेले नाही, तिचा बार ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, असा पसरतो की ७६ सेंटिमीटर रुंदीच्या वर्तुळात शंभरातले चाळीसच दाणे पडतात. एसजीचे आठ दाणे धरा. आठातले तीन त्या वर्तुळात गेले. त्यातला एखादा डुकराला लागला. मग बाकीचे पाच कुठे गेले?

ते गेले पुढे. एक जुना ठोकताळा आहे. दाणा जितका जाड तितका तो लांब जातो. सहा नंबरचा छर्रा फार तर २०० मीटर जातो. बीबी सव्वातीनशेच्या आसपास. एसजीचा दाणा साडेसहाशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि एलजीचा सातशेच्या पुढे. एकसंध गोळी किलोमीटरच्या पलीकडे. आता आपल्या रानाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या बांधापासून सातशे मीटरच्या आत किती वस्त्या आहेत? किती गोठे? किती माळे? शिवारातून जाणारी वाट किती लांब?

आणि वेळ कोणती? रात्रीची. जोंधळा पुरुषभर उंच. जिथे अजून शेतीची लाइन रात्रीच येते, तिथे कुणीतरी दारे धरायला त्याच रानात उभा असतो. त्याची बॅटरी विझलेली असते, कारण सेल वाचवायचे असतात. डुकराच्या चाहुलीने ताटे हलतात तशीच माणसाच्या चाहुलीनेही हलतात. हुरड्याच्या दिवसांत तर रानात पाहुणेही असतात, लेकरेही असतात. सपाट रानात आडवा धरलेला बार कुठेही थांबत नाही. जोंधळ्याचे ताट छर्रा अडवत नाही.

म्हणून नियम कडक ठेवा. जनावर स्वच्छ दिसल्याशिवाय, नुसत्या आवाजावर किंवा हलणाऱ्या ताटावर, बार नाही. तीस मीटरच्या पलीकडे बार नाही. मागे मातीचा उंच बांध, ओघळीचा काठ किंवा टेकाड नसेल तर बार नाही. माळ्यावरून खाली, जमिनीच्या दिशेने मारलेला बार आडव्या बारापेक्षा बरा, पण खडकाळ माळावर दाणा उसळतो हेही लक्षात ठेवा. आणि जागलीला जाण्याआधी चारही बाजूंच्या बांधकऱ्यांना निरोप द्या : आज मी बंदूक घेऊन आहे, दारे धरायला कोण येणार आहे? हा निरोप फुकट आहे. आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

कायदा माहीत असू द्या

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२मध्ये तो दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३पासून नवी अनुसूची लागू झाली. त्यात रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११खाली वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही हवेत. परवानगीत ज्या अटी लिहिल्या असतील त्या पाळायच्या, मेलेल्या जनावराची वर्दी वनखात्याला द्यायची. मटण वाटून खाणे हा गुन्हा आहे.

काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाच्या नुकसानीसाठी त्यांच्यावर बार काढण्याची परवानगी मिळत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार दंड. आपल्या उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा भागात काळविटांचे कळप आहेत. नान्नजला १९७९पासून माळढोकाचे अभयारण्य आहे. अंधारात डुक्कर समजून काळविटावर बार काढला तर ‘दिसले नाही’ हे उत्तर न्यायालयात चालणार नाही. न दिसता बार काढणे हाच तर गुन्ह्याचा पाया.

काळवीट पीक खाते आणि शेतकऱ्याने ते बघत बसायचे, हा न्याय मला मान्य नाही. सरकारचे जनावर आमच्या रानात चरणार असेल तर चराईचे पैसे सरकारने मोजले पाहिजेत. नुकसानभरपाईची तरतूद आहे. नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, फोटो काढा, पंचनाम्याला हजर राहा. डुकराच्या परवानगीचे अर्जही तोंडी करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्राने २०१५-१६मध्ये बिहार आणि उत्तराखंडात ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी जाहीर केले होते. म्हणजे मागण्याला वाट आहे. पण मागणी कागदावर करायची, अंधारात नाही.

पिकाभोवती तारेत घरची वीज सोडणे आणि गावठी बॉम्ब पेरणे, या दोन गोष्टी या संघटनेच्या माणसाने करू नयेत. डुकरासाठी ठेवलेला बॉम्ब गाय चावते, कुत्रे चावते, पोर उचलते. विजेच्या तारेला पहिला हात लागतो तो बहुधा मालकाच्याच घरातला. कुंपणच घालायचे तर थांबून थांबून झटका देणारे सौर कुंपण घाला. गावाने मिळून घातले तर खर्चही वाटला जातो.

बंदूक भरण्याआधी

काही गोष्टी रोजच्या सवयीच्या आहेत, त्या झटपट सांगतो.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की नळीतून उजेडाकडे पाहा. कुंभारमाशी नळीत मातीचे घर बांधते. गंज चढतो. चिंधी अडकते. अडथळा असलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते.

कागदी काडतूस ओल धरते, फुगते. ते उन्हात किंवा चुलीजवळ वाळवून वापरायचे नसते. बूड हिरवे पडलेले, तोंड उघडलेले, छर्रे खुळखुळणारे काडतूस बाजूला काढा आणि परवानाधारक दुकानदाराकडे किंवा ठाण्यात जमा करा. विहिरीत टाकू नका, जाळू नका.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी जमिनीकडे, मोकळ्या बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. कधी बार उशिरा होतो. ‘फुस्स’ असा नेहमीपेक्षा बारीक आवाज आला तर दुसरे काडतूस भरण्याआधी बंदूक रिकामी करून नळी तपासा. डाट आत अडकलेला असू शकतो.

बांध ओलांडताना, माळ्यावर चढताना, मोटारसायकलवर बसताना काडतूस बाहेर. घरात बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. परवान्यावर किती काडतुसे जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची ते लिहिलेले असते, त्याच्या पुढे जाऊ नका. आपली बंदूक सालगड्याच्या किंवा मेव्हण्याच्या हातात देऊ नका. आणि वरातीत, जत्रेत, निवडणुकीच्या गुलालात बार काढू नका. २०१९च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. वर गेलेले शिसे खाली येतेच, आणि खाली आपलीच माणसे असतात.

गावी गेल्यावर काय करायचे

आता काम सांगतो. प्रत्येक गावाच्या शाखेने पुढच्या बैठकीआधी तीन गोष्टी कराव्यात. एक, गावातल्या परवानाधारकांना एकत्र बसवून ज्याने त्याने आपल्या बंदुकीवरचा बोअर आणि घराची लांबी वाचून परवान्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावी. दुकानात गेल्यावर तो कागद दाखवूनच काडतूस मागायचे. दोन, शिवाराचा नकाशा काढून वस्त्या, माळे, विहिरी आणि रात्री दारे धरली जातात ती राने खुणावीत. जिथून सातशे मीटरच्या आत माणसे आहेत आणि मध्ये मातीचा आडोसा नाही, तिथे बंदूक न्यायचीच नाही असे गावाने ठरवावे. तीन, यंदाच्या नुकसानीचे सगळे अर्ज पोचेसह एका फायलीत लावून जिल्हा बैठकीला आणावेत. पन्नास गावांच्या फायली एका टेबलावर ठेवल्या की वनखात्याशी बोलणे सोपे जाते.

डुकराने खाल्लेला जोंधळा पुढच्या रब्बीत पुन्हा पेरता येतो. दारे धरायला गेलेला शेजारी पुन्हा पेरता येत नाही. तेव्हा चापावर बोट ठेवण्याआधी एकच हिशेब करा : एक दाणा डुकराला लागेल, बाकीचे कुठे जातील? उत्तर माहीत नसेल तर काडतूस बाहेर काढा आणि डबा वाजवा.